पुस्तक म्हणजे नुसता मजकूर नव्हे, तो पुरावा आहे आणि पुरावा तपासू द्यावा लागतो

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकांचा वेगळा विभाग कशाला पाहिजे, हा वाद दर थोड्या दिवसांनी निघतोच आणि दर वेळी त्याच दोन रुळांवरून जातो. एक बाजू म्हणते, सगळं स्कॅन करा, नेटवर टाका, जागा मोकळी करा आणि तिथे मुलांना अभ्यासाला टेबलं द्या, सोळाव्या शतकातलं पुस्तक वर्षातून दोन माणसं बघणार, त्यासाठी चोवीस तास एसी कशाला चालवायचा. दुसरी बाजू लगेच वारसा, अस्मिता, पूर्वजांची ठेव हे शब्द बाहेर काढते आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच अडाणी ठरवून मोकळी होते. मला दोघांचाही राग येतो, कारण भांडताना दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरलेली असते, की पुस्तक म्हणजे त्यात छापलेला मजकूर. मग एकाला तो मजकूर फाइलमध्ये आला की काम झालं असं वाटतं आणि दुसऱ्याला तो कपाटात कुलूपबंद राहिला की काम झालं असं वाटतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दुर्मिळ पुस्तक हा पुरावा असतो, त्याचा कागद, शिवण, बांधणी, समासातली खरड, वाळवीची भोकं या सगळ्यासकट, त्यामुळे मूळ वस्तू ठेवलीच पाहिजे आणि ठेवलीये म्हणजे ती बघायला, हाताळायला, तपासायला दिलीही पाहिजे, अगदी बीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलालासुद्धा. यातलं अर्धंच करणं म्हणजे काहीच न करणं.

मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात गॅलिलिओच्या हस्ताक्षरातलं म्हणून एक पान होतं. वरच्या भागात दुर्बीण भेट देण्याबद्दल व्हेनिसच्या प्रमुखाला लिहिलेल्या १६०९ मधल्या पत्राचा मसुदा, खाली १६१० च्या जानेवारीतल्या गुरूच्या चंद्रांच्या नोंदी. १९३८ पासून हे पान तिथे होतं आणि ग्रंथालय ते अभिमानाने मिरवायचं. २०२२ साली निक वाइल्डिंग या इतिहासकाराला शंका आली, त्यांनी कागदाच्या जलचिन्हाबद्दल, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेबद्दल, विचारणा केली, आणि निघालं काय, तर त्या कागदावर बर्गामो या गावाची खूण म्हणून ‘बीएमओ’ ही अक्षरं होती आणि अशी खूण असलेला १७७० च्या आधीचा कागद कुठेच सापडत नाही. गॅलिलिओ तर १६४२ सालीच वारला. म्हणजे पान बनावट, बहुधा विसाव्या शतकात तयार केलेलं. ग्रंथालयाने ते जाहीरपणे मान्य केलं, हा त्यांचा मोठेपणा. आता मला सांगा, १९३८ नंतर कुणी ‘मजकूर फोटोत आलाय, कागद ठेवून काय करायचंय’ म्हणून ते पान काढून टाकलं असतं तर? बनावट मजकूर कायमचा खरा होऊन बसला असता. जलचिन्ह दिसायला कागद उजेडासमोर धरावा लागतो, नेहमीच्या स्कॅनमध्ये उजेड वरून पडतो आणि पानाच्या पोटातलं काही दिसत नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मोकळ्या मनाने मान्य करते, कारण ते खरंच मोठं आहे. स्कॅनिंगने जे केलंय ते आधीच्या पाचशे वर्षांत कुणालाही जमलं नव्हतं. एखादी पोथी बघायला आधी शिफारसपत्र, मग प्रवास, मग व्हिसा, मग त्या शहरात राहायचा खर्च, एवढं करून तिथले लोक म्हणणार की आज विभाग बंद आहे. हे दार कित्येक हुशार लोकांच्या तोंडावर आपटलेलं आहे आणि ज्यांच्यासाठी ते आपोआप उघडायचं त्यांनी ‘कागदाचा वास’ वगैरेबद्दल हळवं होऊन लिहावं हे मला पटत नाही. रात्री अकरा वाजता घरी बसून पंधराव्या शतकातलं पान झूम करून बघता येतं ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय स्कॅन असला की मूळ प्रतीला दर वेळी हात लावावा लागत नाही, ती जास्त टिकते. खर्चाचा मुद्दाही खोटा नाही, तापमान, आर्द्रता, आगीपासून बचाव, राखण, डागडुजी, हे सगळं महाग आहे आणि ज्या विद्यापीठात मुलांना पाठ्यपुस्तकाच्या पुरेशा प्रती मिळत नाहीत तिथे हा प्रश्न विचारणारा माणूस खलनायक नाही. म्हणून स्कॅन करा, जोरात करा, फुकट उपलब्ध करा. माझं भांडण आहे ते त्यापुढच्या वाक्याशी, ‘स्कॅन झालं ना, आता मूळ कशाला?’ आणि त्याच्याच जुळ्या भावाशी, ‘दुसऱ्या ग्रंथालयात एक प्रत आहे ना, मग आपली कशाला?’

या दुसऱ्या वाक्याला कोपर्निकसच्या पुस्तकाइतकं चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मांडणारं त्याचं पुस्तक १५४३ साली छापलं गेलं. आर्थर कोस्लर या लेखकाने विसाव्या शतकात ठासून लिहिलं की हे पुस्तक कुणी वाचलंच नाही, आणि लोकांनी ते मानलंही. ओवेन गिंगरिच नावाच्या खगोलाच्या अभ्यासकाने १९७० मध्ये एडिंबराच्या वेधशाळेतली प्रत उघडली तर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत समासात नोंदींनी भरलेली, आणि नोंदी करणारा एरास्मस राइनहोल्ड, त्या काळातला जबरदस्त गणिती. मग हा माणूस तीस वर्षं जगभर फिरला, पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सहाशेच्या आसपास प्रती त्याने शोधून नोंदवल्या. त्यातून कळलं की गुरूच्या समासातल्या नोंदी शिष्य आपापल्या प्रतीत उतरवून घेत होते, म्हणजे कोण कुणाकडे शिकला याचा नकाशाच त्या समासांमध्ये होता. रोमच्या चर्चने १६२० साली त्यातली कुठली वाक्यं खोडायची याची यादी काढली, तर इटलीतल्या निम्म्याहून जास्त प्रतींमध्ये ती वाक्यं खरंच खोडलेली सापडली आणि इटलीबाहेर जवळपास कुणी त्या हुकमाची दखलच घेतलेली नव्हती. छापलेला मजकूर बघाल तर सगळ्या प्रती सारख्या! प्रत्येक ग्रंथालयाने ‘डुप्लिकेट आहे’ म्हणून आपली प्रत काढली असती आणि एकच स्वच्छ, कोरी, देखणी प्रत स्कॅनसाठी ठेवली असती (स्कॅनसाठी नेहमी स्वच्छ प्रतच निवडतात, हे लक्षात घ्या) तर कोस्लर आजही बरोबर ठरला असता.

आपल्या भाषेतलं उदाहरण हवं असेल तर ते जास्तच बोचणारं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी बीडजवळच्या पाटांगणला मिळालेल्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. त्यांचा दावा होता की ही पोथी एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाच्याही आधीची. या पाठावर त्यांनी स्वतः ज्ञानेश्वरीचं व्याकरण लिहिलं, पुढे सरकारी आवृत्तीलाही तोच पाठ आधार झाला. पण ती मूळ पोथी आज अभ्यासकांना उपलब्धच नाही. मजकूर आहे, अक्षरन् अक्षर छापलेला आहे, पण पोथी किती जुनी, लिपीचं वळण कुठल्या काळातलं, कागद कसला, मधे कुणाचा दुसरा हात फिरलाय का, यातलं काहीही आता तपासता येत नाही आणि शंभर वर्षं वाद घालणाऱ्यांना एकमेकांच्या अंदाजांवरच भांडावं लागतंय. स्कॅन समर्थकांना मी अगदी मनापासून विचारते, इथे मजकूर तर वाचलाच होता ना? मग राहिलं काय?

आणि उलट बाजूने बघा. फादर स्टीफन्स या धर्मप्रसारकाचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं, रोमन अक्षरांत, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज माहीत नाही. तीन आवृत्त्या, सगळ्या गेल्या. टिकल्या त्या हाताने केलेल्या नकला. त्यातली एक देवनागरीतली विल्यम मार्सडेन नावाच्या संग्राहकाकडे होती, ती त्याच्या संग्रहाबरोबर लंडनच्या एका कॉलेजात आणि तिथून पुढे प्राच्यविद्येच्या विद्यापीठात गेली, तिथे कित्येक वर्षं कुणी फारसं लक्ष न देता पडून राहिली आणि विसाव्या शतकात जस्टिन ॲबट या अभ्यासकाच्या लक्षात आली. या प्रतीत रोमन प्रतींपेक्षा संस्कृत शब्द जास्त आहेत, त्यामुळे मूळ भाषा कशी होती हा प्रश्नच नव्याने उभा राहिला. १८५० साली कुणी उपयोगाचा हिशोब मांडला असता तर या बाडापुढे शून्यच पडलं असतं, कारण तिथे ते वाचू शकणारी माणसंच मोजकी. ‘वर्षाला किती जणांनी मागवलं’ हा आकडा पाठ्यपुस्तकांसाठी ठीक आहे, दुर्मिळ संग्रहासाठी तो निकष लावणं म्हणजे विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मोजून ती बुजवायची का ते ठरवण्यासारखं आहे.

स्कॅन कायमचा टिकतो ही समजूत तर मला सगळ्यात धोक्याची वाटते. इंग्लंडात १०८६ साली जमिनींची मोजदाद केलेलं बाड आजही उघडून वाचता येतं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवीन मोजदाद केली, लाखो लोकांनी त्यात भाग घेतला आणि सगळं लेझर डिस्कवर साठवलं. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं जवळपास संपली आणि तो मजकूर सोडवायला संशोधकांना खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा ऑनलाइन कॅटलॉग आणि डिजिटल हस्तलिखितं महिनोन्महिने बंद होती. तिथली सगळी पुस्तकं लगेच मागवता येत होती असंही नाही, कारण मागणीची यंत्रणाच कंप्युटरवर होती, हे मी लपवत नाही, पण ती होती, जागच्या जागी होती आणि ती परत मिळवायला खंडणी द्यायची गरज नव्हती. आणखी एक. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन कंप्युटर अभ्यासकाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनिंग मशिनं फाइल लहान करताना ६ चा ८ करून टाकतायत, आणि पान दिसायला एकदम स्वच्छ! मूळ कागद शेजारी होता म्हणून चूक सापडली. स्कॅन ही मूळ वस्तूची साक्ष असते आणि साक्षीदार चुकतो तेव्हा ताळा कशाशी घेणार?

इथपर्यंत वाचून वारसावाले खूश झाले असतील तर त्यांनाही दोन गोष्टी ऐकवायच्या आहेत, आणि खरं तर माझा जास्त जीव यातच अडकलाय. तुम्ही पुस्तकं वाचवता म्हणजे नक्की काय करता? मी एका ग्रंथालयात (नाव घेत नाही) एका जुन्या पुस्तिकेसाठी तीन वेळा गेलेय. पहिल्यांदा ज्यांच्याकडे किल्ली होती ते रजेवर. दुसऱ्यांदा चिठ्ठी आली, ‘जागेवर नाही’. तिसऱ्यांदा एका तरुण कर्मचाऱ्याने स्वतः आत जाऊन शोधलं आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा आणून ठेवला. पुठ्ठा सुटलेला, कण्याच्या चामड्याची लालसर भुकटी बोटांना लागत होती. उघडलं तर आत एक नाही, तीन पुस्तिका एकत्र शिवलेल्या, आणि दाखल रजिस्टरमध्ये नोंद फक्त पहिलीची. तिसरी पुस्तिका कुठल्याच यादीत मला सापडली नव्हती, ती तिथे होती. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी शाईने घरखर्चाची बेरीज केली होती आणि ती चुकली म्हणून खोडून परत केली होती. मी त्या बेरजेकडे बराच वेळ बघत बसले. ही पुस्तिका इतकी वर्षं ‘जतन’ झालेली होती, पण कुणालाही माहीत नव्हती, म्हणजे ती असून नसल्यासारखी. उद्या कुणी तो गठ्ठा उचलून नेला असता तर काही हरवलंय हेही कुणाला कळलं नसतं.

कुलूप लावलं की सुरक्षित, हा भ्रम आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी लायब्ररीत दुर्मिळ पुस्तकांच्या खोलीतून जवळजवळ पंचवीस वर्षं चोरी होत होती, नकाशे आणि चित्रांची पानं कापून नेली जात होती, आणि चोर होता त्या खोलीची जबाबदारी असलेला माणूसच. २०१७ मध्ये मोजदाद झाली तेव्हा उघड झालं. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात डार्विनच्या दोन वह्या, त्यातल्या एकीत १८३७ चं ते प्रसिद्ध झाडाचं चित्र, फोटो काढायला म्हणून २००० साली बाहेर काढल्या गेल्या आणि २००१ मध्ये जागेवर नाहीत असं लक्षात आलं. पुढची जवळजवळ वीस वर्षं ‘कुठेतरी चुकून दुसरीकडे ठेवल्या गेल्या असतील’ असंच धरलं गेलं, २०२० मध्ये चोरी म्हणून जाहीर झालं आणि २०२२ च्या मार्चमध्ये कुणीतरी त्या एका गुलाबी पिशवीत घालून गुपचूप आणून ठेवल्या. चांगलं झालं, पण प्रत्येकाचं नशीब असं नसतं. जे पुस्तक नियमित मागवलं जातं, ज्याची बारकाईने केलेली नोंद आहे, ज्याला दहा लोक ओळखतात, ते गायब झालं की त्याच आठवड्यात बोंब होते. वापर ही सगळ्यात स्वस्त राखण आहे.

‘पण हाताळून खराब होतील ना!’ होतील, थोडी. म्हणून तर पद्धती आहेत. पुस्तक सपाट न उघडता फोमच्या उतरत्या आधारावर ठेवायचं, पानं धरायला कापडात शिवलेली वजनाची माळ ठेवायची, शाईचं पेन बाहेर, फक्त पेन्सिल. आणि त्या पांढऱ्या हातमोज्यांबद्दल एकदा बोललंच पाहिजे, टीव्हीवर दाखवतात म्हणून सगळ्यांना ते हवेच वाटतात, पण कागदी पुस्तकासाठी जाणकार आता स्वच्छ धुतलेले कोरडे हातच सांगतात, कारण मोज्यांत बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि पान फाटायची भीती उलट वाढते (फोटो आणि धातूच्या वस्तूंची गोष्ट वेगळी). मुलांना हे सगळं अर्ध्या तासात शिकवता येतं. अठरा वर्षांच्या मुलाने जुन्या कागदाचं पान उजेडासमोर धरून त्यातल्या रेषा एकदा बघितल्या, चिंध्यांपासून केलेला चारशे वर्षांपूर्वीचा कागद अजून नरम आणि एकोणिसाव्या शतकातला लाकडाच्या लगद्याचा आम्लाने पिवळा पडून तुटतोय हे एकदा बोटांनी अनुभवलं, की इतिहासाच्या पुस्तकात ‘साधनं’ हा शब्द आल्यावर त्याला नक्की कशाबद्दल बोलतायत ते कळतं. रसायनशास्त्राच्या मुलांना प्रयोगशाळा दाखवायची नाही, फक्त तिचे फोटो दाखवायचे, असं कुणी म्हणेल का?

प्रयोगशाळा हा शब्द मी उगाच वापरत नाही. चर्मपत्रं साफ करायला खोडरबर हलकेच फिरवतात आणि तो चुरा पूर्वी फेकून द्यायचे. इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी तो चुरा गोळा केला आणि त्यातल्या प्रथिनांवरून पान वासराच्या कातड्याचं की मेंढीच्या ते ओळखून दाखवलं, पानाला ओरखडाही न काढता. डेन्मार्कमध्ये २०१८ च्या सुमाराला एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या तीन जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर क्ष-किरण टाकले तर त्यांच्या हिरव्या रंगातच आर्सेनिक निघालं, म्हणजे इतकी वर्षं लोक विष हाताळत होते. पन्नास वर्षांपूर्वी पुस्तकं ठेवायची की नाही यावर वाद घालणाऱ्या कुणाच्या डोक्यात हे प्रश्न तरी होते का? पुढची माणसं काय विचारणार ते आपल्याला माहीत नाही, त्यामुळे आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच उतरवून बाकीचं टाकून द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. मोठ्या विद्यापीठांचे कितीतरी संग्रह सत्तेच्या जोरावर, लुटीत, नाहीतर कवडीमोलाने आलेले आहेत, मार्सडेनसारख्या संग्राहकाला त्या बाडापर्यंत नेणारी वाटही साम्राज्याचीच होती, मग मी त्यांची तरफदारी कशी करू शकते? याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. ज्याचं आहे त्याला परत द्यायची मागणी जिथे रास्त आहे तिथे परत दिलं पाहिजे, आणि बदल्यात स्कॅन देऊन मूळ स्वतःकडे ठेवणं हा मला शुद्ध अन्याय वाटतो. पण बघा, इथेही पुस्तक कुठून आलं याचा पुरावा पुस्तकातच असतो, मालकाचा शिक्का, खोडलेलं नाव, जुना क्रमांक, दुसऱ्याच्या दप्तरातली बांधणी. लुटीचा दावा शाबीत करायलासुद्धा मूळ वस्तू आणि तिची प्रामाणिक नोंद लागते.

म्हणून पैसे कुठे घालायचे विचाराल तर मी काचेच्या शोकेसवर किंवा उद्घाटनाच्या फलकावर नाही घालणार, माणसांवर घालेन. पोथी वाचता येणारा, जुनी लिपी कळणारा, बांधणी ओळखणारा कॅटलॉग करणारा माणूस कायमच्या नोकरीत पाहिजे, कंत्राटावर सहा महिने आणून चालत नाही, कारण संग्रह ओळखायलाच काही वर्षं जातात. ऑक्सफर्डने एकदा दुसरी, जुनं काढून टाकायची, वाट धरली होती. सोळाव्या शतकात धर्माच्या धामधुमीत तिथल्या विद्यापीठाचं जुनं ग्रंथालय रिकामं झालं आणि १५५६ साली उरलेली बाकंसुद्धा विकून टाकली. टॉमस बॉडलीने स्वतःच्या पैशाने ते परत उभं केलं आणि १६०२ मध्ये उघडलं. एवढी अद्दल घडूनही, शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला संग्रह तिथे आला आणि १६६४ ची नवी, जास्त नाटकं असलेली आवृत्ती आल्यावर बहुधा तेव्हाच तो जुना म्हणून काढून टाकला गेला, त्यांच्या दृष्टीने मजकूर तर नव्या पुस्तकात होताच. १९०५ साली एक विद्यार्थी घरातलं एक मोडकळीला आलेलं पुस्तक बांधणीबद्दल सल्ला विचारायला तिथेच घेऊन आला. ग्रंथालयातल्या लोकांनी बांधणी बघितली, एके काळी कपाटाला साखळीने बांधलेलं असताना पडलेली पुठ्ठ्यावरची खूण बघितली आणि ओळखलं की हे आपलंच. एका अमेरिकन संग्राहकाने तीन हजार पौंड देऊ केले होते, तेवढेच लोकांकडून वर्गणी गोळा करून १९०६ मध्ये ते परत घ्यावं लागलं. त्या प्रतीत सगळ्यात जास्त झिजलेली पानं ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची आहेत आणि त्यातही सज्जातल्या प्रवेशाच्या आसपासचं पान, सतराव्या शतकातल्या विद्यार्थ्यांच्या हातांनी झिजवलेलं. मधल्या अडीचशे वर्षांत एखाद्या नीटनेटक्या मालकाने ते नव्याने बांधून घेतलं असतं तर ती खूणही गेली असती आणि कुणी ओळखलंही नसतं.